स्क्रीनवरचं जोडवं

शकुन-अपशकुन, भुतंखेतं यांच्याशी माझं कधी जमलं नाही. मी सोनोलॉजिस्ट, म्हणजे सोनोग्राफी करणारी डॉक्टर... स्क्रीनवर दिसेल तेवढंच खरं, यावर माझं पोट चालतं. आणि पंचाईत नेमकी तिथेच झाली.

मी मूळची पुण्याची, बेंगळुरूत चिकपेटजवळच्या एका स्कॅन सेंटरमध्ये काम करते. गेल्या वर्षी एका दुपारी सरोजाक्का आल्या. साठीच्या, पिढ्यानपिढ्या इथेच राहिलेल्या मराठी घरातल्या. उजव्या पायाचा चवडा इतका दुखत होता की पाऊल टेकवत नव्हतं. सोबत मुलगा होता.

"अप्पा गेल्यापासून सुरू झालंय. एक्स-रे क्लीन आहे, मॅडम. मनाचे खेळ," तो त्यांच्यादेखत म्हणाला. सरोजाक्का भिंतीकडे बघत राहिल्या.

जेल लावून मी तळव्याच्या बाजूने प्रोब फिरवला. नसा, सांधे ठीक. अंगठ्याशेजारच्या बोटापाशी आले, आणि पांढऱ्या चकचकीत रेघा, एकाखाली एक... मध्ये धातू आला की अशाच उमटतात. बायकांच्या पायात हे नेहमीचंच. मान न वळवताच मी म्हटलं, "जोडवी काढा."

"काढली की मॅडम," त्या हळूच म्हणाल्या. "ते गेले तवाच."

बोट खरंच मोकळं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण रेघा हटेनात. जेल पुसलं, प्रोब बदलला, डावा पाय पाहिला – तिथे काही नाही. उजव्यात पुन्हा त्याच.

"उजवं निघत नव्हतं," मुलगा खाली बघत म्हणाला. "मीच कापलं."

"हाय का तिथं?" सरोजाक्कांनी विचारलं. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्या बराच वेळ बघत होत्या. मग मुलाला म्हणाल्या, "स्वल्प... जरा तू पण बघ रे."

रिपोर्टमध्ये मी 'नॉर्मल' लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

महिन्याभराने दोघं पुन्हा आले, मला दाखवायला म्हणून. सरोजाक्का ताठ चालत होत्या, दोन्ही पायांत चांदीची जोडवी. मुलानेच आणून घातली होती.

"लोक बोलतात," तो म्हणाला. "बोलू देत. आईचं दुखणं थांबलं."

मला काही राहवेना. जोडवी न काढताच प्रोब ठेवला. एवढी चांदी मध्ये, रेघा यायलाच हव्यात... एकही नाही. मोकळ्या बोटासारखं स्वच्छ चित्र.

"आता दिसतं का?"

"नाही, अक्का."

"सरी, बरं झालं," म्हणून त्यांनी चपला घातल्या.

मशीनवर खापर फोडावं, तर पुढच्याच पेशंटच्या जोडव्याने नेहमीसारख्या रेघा काढल्या. उत्तर मला अजून सापडलेलं नाही. फक्त 'जोडवी काढा' म्हणायच्या आधी आता मी मान वळवून पाय बघते.