भांड्याच्या खोलीत म्हटलेली मंगलाष्टकं

"आडनाव काय म्हणलात?"

नवरीच्या काकांनी हसत विचारलं. हातात माझ्यासाठी आणलेला सरबताचा ग्लास. मी आडनाव सांगितलं. ग्लास त्यांच्याच हातात राहिला.

सेलूतलं मंगल कार्यालय. भर दुपार. मी ताडकळसच्या एका बँडमध्ये गायचे. नऊ वर्षं. नवरदेवाच्या मिरवणुकीपुढं, परण्यापुढं, भोंगे लावलेली गाडी चालायची, त्या गाडीत मी उभी. ट्रंपेट, ढोल, ताशा, सगळ्यांच्या वर आवाज काढावा लागतो. त्या दिवशी नवरीनं खिडकीतून ऐकलं आणि हट्टच धरला, मंगलाष्टकं ह्याच ताईंनी म्हणायची. आमच्यात त्रिशरण-पंचशील घेऊन लग्न लागतं. पण बँडमधल्या बाईला सगळं पाठ ठेवावं लागतं. काका मला बोलवायला म्हणून आले होते.

ते आत गेले. मग बँडचे मास्तर आले. आमच्याच वस्तीतले, माझ्या बापाच्या वयाचे. खाली बघत बोलले, "पोरी, तू मागं भांड्याच्या खोलीत बसून म्हण. माईक तिथं देतेत. स्टेजवर त्यांची भाची उभी ऱ्हाईल."

"ती काय करंल?"

"नुसते ओठ हलवंल."

मी माईकची वायर गुंडाळायला घेतली.

"म्हण बाई. इकडच्या साऱ्या सुपाऱ्या ह्यांच्या ओळखीवर हायत. अकरा माणसं हायत आपली."

अकरा माणसं. क्लॅरिनेटवाल्याची बायको दवाखान्यात होती. मी गेले.

ओली फरशी. खरकट्या पातेल्यांचा वास. पालथ्या घमेल्यावर बसले. दिसत काहीच नव्हतं. दारातली एक बाई हातानं खुणावायची. थांब. हां, आता. पाच कडवी म्हणले. एकही सूर ढळला नाही. त्याचीच मला जास्त लाज वाटते. रडू यायला पाहिजे होतं, आवाज फाटायला पाहिजे होता. नऊ वर्षांची सवय. गळा गुमान गात राहिला.

भिंतीपलीकडं कुणीतरी म्हणालं, "काय गळा हाय पोरीचा! रक्तातच असावं लागतं."

चार दिवसांनी त्या लग्नाचा व्हिडिओ मोबाइलवर फिरत फिरत आमच्या घरात आला. माझी पोरगी पाचवीला. तिनं एकदा बघितला, परत लावला.

"आई, ही बाई तुझ्या आवाजात गायलीय."

मी भाकरी थापत होते. म्हणले, "न्हाई. तिचाच हाय."

खोलीत मला त्यांनी बसवलं होतं. हे मात्र माझं मीच बोलले. माझ्या घरात, माझ्या लेकीला. हात थांबले. तवा उतरवला, तिला समोर बसवलं आणि घडलं ते सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"मग तू बाहेर का न्हाई आलीस?"

मी तवा परत चुलीवर ठेवला.

पुढच्या महिन्यात मास्तर घरी आले. त्याच लोकांच्या नात्यात सोनपेठला लग्न. "मागच्यावानीच करायचंय."

"मास्तर, स्टेजवर उभी राहून म्हणीन. न्हाईतर न्हाई."

"मग मला दुसरी बघावी लागंल."

"बघा."

चहा प्याले. जाताना म्हणाले, "माझा बी इलाज न्हाई." खोटं बोलत नव्हते.

दुसरी मिळाली. जिंतूरकडची, आमच्यातलीच. सोनपेठला तीच मागच्या खोलीत बसली. चांगली गायली म्हणे. मी आता दुसऱ्याच्या रानात तण निंदायला जाते. बाकीच्या बँडवाल्यांनाही कळलंय, ही बाई अडून बसते. फोन येत नाही. येईल असंही वाटत नाही.

त्या जिंतूरकडच्या बाईचा पत्ता मी मिळवलाय. रविवारी एसटीनं जाणार आहे. ती म्हणेल, तुझं काम गेलं म्हणून माझंही घालवायला आलीस का. दारातून हाकलूनही देईल. तिच्याही चुलीवर काहीतरी शिजायचं असेल. तरी सांगणार, त्या खोलीत जाऊ नको. नाही ऐकलं तर पुन्हा तिच्याकडं जाईन. ती नाही तर तिच्यानंतरची. जी कुणी आत बसेल, तिच्या दारात मी जाणार.