कुसुमताईंच्या पाटीवरचा ळ

‘जरा दमानं घ्या’ असं कुसुमताईंना कुणी सांगितलं, की समजायचं, आता त्या समोरच्याचा दम काढणार! चाकणच्या रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये या बाईनं अर्धं आयुष्य खानावळ चालवली. परभणीची, बीडची कंपनीतली पोरं शिफ्ट सुटली की पंगतीला यायची. कुणी ताटात टाकलं तर ताई पळी उगारायच्या. ‘आय न्हाई हितं, पर मी हाय!’ नवरा कोंडाजी गेला, तेव्हा तेरावं झाल्यावर दुसऱ्याच सकाळी त्यांनी चूल पेटवली. भावकीनं नावं ठेवली. ताईंनी त्यांनाही पोटभर वाढलं.

पुढे रस्ता रुंद झाला आणि शेड गेलं. रावेतला एका टॉवरच्या तळमजल्यावर ताईंच्या नावाचा गाळा होता. तिथंच खानावळ मांडायची ठरली. शेगड्या बसल्या, भांडी लागली, आणि घोडं अडलं ते पाटीवर.

सोसायटीचा चेअरमन निरंजन मोबाइल पुढे करत आला. ‘मावशी, आपल्या बिल्डिंगचा एक लूक आहे. सगळ्या पाट्या याच अक्षरांत हव्यात.’

ताईंनी बघितलं, आणि खोटं कशाला बोला, त्यांचा जीवच जडला. काय देखणी अक्षरं ती! सगळी ऐटीत एका बाजूला कललेली. एक रेघ अंगठ्याएवढी भरदार, तर तिला लागून दुसरी हातवळणीच्या शेवईसारखी बारीक. शेजारच्या केकवाल्याची पाटी त्यातलीच होती.

‘मग माजीबी ह्यातच करा. कुसुमताईची खानावळ. लय झ्याक दिसंल!’

निरंजन घुटमळला. ‘मावशी, यात ळ नाहीये. हा टाइप बनवणाऱ्यानं ळ काढलेलाच नाही. तुम्ही ‘कुसुम किचन’ लिहा ना. खानावळ म्हटलं की कसं, हायवेवरचं वाटतं.’

झालं! ताईंनी पदर खोचला.

‘ळ न्हाई? अवो, ळबिगर मी रांधू काय? डाळ न्हाई, पोळी न्हाई, तांदूळ न्हाई, गूळ न्हाई. किचन म्हनं!’

कमिटीतल्या स्नेहल मॅडमनी तोडगा काढला. ‘त्यात काय एवढं? ल टाका. खानावल. कोण बघतंय?’ उचलली जीभ, लावली टाळ्याला!

‘बाई, आमी काय बोबडं हाय?’ ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कमिटीचा निरोप आला. मंजूर अक्षरांतली पाटी लागत नाही, तोवर गाळा उघडायचा नाही.

ताईंना संताप आला, पण त्याहून जास्त मनाला लागलं. जाडीभरडी लाल-पिवळी अक्षरं तेवढी आपली, आणि नाजूक, देखणी ती केकवाल्याची? का बरं? भाकरी थापणाऱ्या बाईला देखणं काही शोभत नाही, असं कुठं लिहून ठेवलंय? नाव बदलायचं नाही आणि अक्षरंही तीच हवीत, असं ठरवून त्यांनी भोसरीची रिक्षा धरली.

भोसरीत रुक्साना ट्रकवर नावं रंगवायची. तिचे अब्बा लालमहंमद पेंटर ताईंच्या पंगतीतले जुने जेवणारे. रुक्सानानं अक्षरांचा फोटो मोठा करकरून पाहिला.

‘नसला तर नसला, मावशी. आपण काढू की! ह्यांचा क कसा वळतो बघा, तसाच ळ वळवायचा.’

पहिला ळ दोन्हीकडे सारखाच जाड झाला. ‘ह्यो तर चष्मा लावून बसलाय,’ ताई म्हणाल्या. दुसरा इतका बारीक, की रस्ता ओलांडून बघितल्यावर दिसेचना. तिसऱ्याला रुक्सानानं श्वास रोखला. एक गोलाई भरीव उतरली, वळताना सुतासारखी निमुळती झाली, आणि दुसरी गोलाई पहिलीच्या खांद्याला रेलली. ताईंनी रुक्सानाची अलाबला घेतली आणि कडाकडा बोटं मोडली. मग रुक्सानानं अख्खी पाटी हातानं रंगवली.

उद्घाटनाच्या दिवशी पाटी वर चढली. चाकणची पोरं दुचाक्या लावून शटरसमोर उभी राहिली. तेवढ्यात निरंजन तरातरा आला. पाटीकडे बघून तोही क्षणभर थबकला, पण हट्ट सोडेना.

‘मावशी, छान आहे. पण हा ळ आमच्या टाइपमधला नाही. आधी पाटी उतरवा, मगच शटर उघडा.’

पोरं पुढे सरकली. ताईंनी हातानंच त्यांना मागे सारलं.

‘साहेब, तुमच्या टायपात मळा लिवता येतो का?’

‘मळा?... नाही.’

‘मग तुमाला कुनी सांगितलंच नसंल. ह्यो टावर उभा हाय ना, हितं माज्या सासऱ्याचा मळा व्हता. पवनेच्या पान्यावरचा. त्यो दिला तवा बिल्डरनं ह्यो गाळा दिला. माज्याच मळ्यात उभं ऱ्हाऊन मला सांगता, ळ न्हाई म्हनून?’

निरंजन काही बोलेल म्हणून ताई थांबल्या नाहीत. वाकल्या, शटरला हात घातला आणि खडखडाट करत डोक्याच्या वर सारलं.

‘या रं पोरांनो,’ त्या म्हणाल्या, ‘आन साहेब, तुमीबी या. डाळ गरम हाय.’