कुरकुरीचा चहा

बाईंबद्दल लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कुणी विषय काढलाच तर "फार चांगल्या होत्या बिचाऱ्या" एवढं बोलून मोकळा व्हायचो. त्यातला 'बिचाऱ्या' खोटा. बाई कधीच बिचाऱ्या नव्हत्या.

फ्रीगंज बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझा प्रसादाचे डबे बनवायचा छोटा कारखाना होता. पुठ्ठा कापायचा, घड्या घालायच्या, खळीने चिकटवायचं. कामाला दहाबारा बायका, आणि त्यांच्यावर देखरेखीला बाई. सकाळी मशीन सुरू होण्याआधी त्या सगळ्यांना चहाला गोल बसवायच्या आणि म्हणायच्या, "हं, काढा आपापली कुरकूर." काल काय खुपलं ते प्रत्येकीने सांगायचं, मग कामाला लागायचं. "पोटात राहिलेली कुरकूर घडीत उतरते, भाऊसाहेब. डबा वाकडा होतो."

हिवाळ्यात झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा आत यायचा. त्यात चहाची वाफ आणि पुठ्ठ्याची धूळ संथ तरंगत राहायची. अजूनही डोळे मिटले की ती सकाळ दिसते. सगळ्यांचे ओठ हलताना दिसतात, आवाज मात्र पाण्याखालून आल्यासारखे लांबचे.

पाळी शेवटी माझ्यावर यायची. मी म्हणायचो, "माझं काही नाही."

"मालकांचं कधीच काही नसतं, बरं का गं!" बाई म्हणायच्या आणि हशा पिकायचा.

एकदा रामकन्या नावाची आमची कामगार पेला खाली आपटून बाईंना म्हणाली, "ताई, कल रामघाट गई थी. डिब्बा पकड़ूँ कि हाथ जोड़ूँ? नीचे गीले में रखा तो गल गया!" बायका हसल्या. बाई हसल्या नाहीत. "देवाने दोनच हात दिलेत. तिसरा आपण बनवू," म्हणाल्या आणि त्या दिवशीचं काम थांबवलं. मी चिडलो, ऑर्डर अडकली होती. पण संध्याकाळपर्यंत बायकांनी एकमेकींच्या हातातून पुठ्ठा ओढत, चुका करत, भांडत एक डबा उभा केला. त्याला खळ नव्हती, नुसत्या घड्या. वरून सुतळीचा फासा, मनगटात अडकवायला. डबा लटकलेला, दोन्ही हात जोडायला मोकळे.

तो डबा असा चालला, की व्यापारी मंडळाने माझा सत्कार ठेवला. बाई सगळ्यांना ठेवणीतल्या साड्या नेसवून घेऊन आल्या, पुढच्याच रांगेत बसल्या. हार घातल्यावर अध्यक्षांनी विचारलं, "भाईसाहब, ये आइडिया आया कहाँ से?"

मी म्हणालो, "बस, एक सुबह घाट पर बैठा था. सूझ गया."

टाळ्या झाल्या. बाईंनीही वाजवल्या. रामकन्या त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी चहाला सगळ्या गोल बसल्या. एकीचंही काही नव्हतं. मी मुद्दाम विचारलं, "बाई, तुमची कुरकूर?"

"काही नाही, भाऊसाहेब. सगळं छान आहे."

त्यानंतर चहा रोज झाला, डबे सरळ निघाले, ऑर्डरी वाढल्या. नवीन मात्र तिथे पुन्हा कुणाला काही सुचलं नाही. सुचलं असेल तरी मला कुणी सांगितलं नाही.

पुढे बाई मुलाकडे भोपाळला राहायला निघाल्या. स्टेशनवर पोचवायला मी गेलो, तेव्हा वाक्य तयार होतं. रिक्षात दोनदा पुटपुटूनही पाहिलं होतं. बाई खिडकीतून म्हणाल्या, "चहा बंद करू नका हं." गाडी हलली. मी म्हणालो, "पोचल्यावर फोन करा." त्यांनी केला. "पोचले," म्हणाल्या. तेव्हाही मी हवापाण्याचंच बोललो. मग एक दिवस त्यांच्या मुलाचा फोन आला, आणि सांगायला कुणी उरलं नाही.

कारखाना आता माझा मुलगा बघतो. मी सकाळी रामघाटावर जाऊन बसतो. धुक्यात माणसं पाण्यात उतरतात, हात जोडतात. मनगटाला डबा हलत असतो. टपरीवाला चहा आणून देतो, पेल्यातून वाफ निघते, आणि मला वाटतं, गोल पूर्ण झालाय, सगळ्यांचं बोलून झालंय, बाई माझ्याकडे बघतायत.

बाई, आज माझं आहे. डबा मला सुचला नव्हता. तो तुमचा होता, रामकन्येचा होता, तुम्हा सगळ्यांचा होता. तुमच्यादेखत मी खोटं बोललो. मला माफ करा.