एकवरचा पंखा

उमेळ्याच्या अभ्यासिकेत माझ्या शेजारी एक काका बसायचे. आम्ही दोघंही अ‍ॅजाइल प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या, म्हणजे टीमनेच निर्णय घ्यायच्या पद्धतीच्या, परीक्षेची तयारी करत होतो. सराव परीक्षेत काकांचं ‘मॅनेजर ठरवेल’ हे उत्तर चुकलं आणि ‘टीमला ठरवू द्या’ हे बरोबर निघालं, की काका टेबलावर थाप मारून ओरडायचे, “मग मॅनेजर कशाला ठेवलाय?” झालं, माझं वाचन बोंबललं! त्यात कागद उडतात म्हणून ऐन उकाड्यात पंखा एकवर ठेवायचे, तेही कोणाला न विचारता.

एकदा मी वैतागून म्हटलं, “काका, निदान पंख्याचं तरी टीमला विचारा!”

त्यांनी खरंच प्रत्येकाला विचारलं. कोणाला पाचवर हवा, कोणाला नकोच. एवढी भांडाभांडी झाली, की अभ्यासिका सांभाळणाऱ्या बाईंनी येऊन पंखाच बंद केला.

काकांनी घाम पुसला. “माझं उत्तर चुकायचं खरं,” ते म्हणाले, “पण पंखा फिरत होता.”