एक घर राहिलंय

परतीची एसटी वळणावर दिसली, की सिस्टर पर्समधून खडू काढायच्या. फाट्यावरच्या थांब्याच्या भिंतीवर, थांबा नसला तर एखाद्या दगडावर, ठळक ‘पी’ नाहीतर ‘एक्स’ लिहायच्या आणि मगच गाडीला हात करायच्या. ओळखीचा ड्रायव्हर असला तर खिडकीतून विचारायचा, “झालं का लिहून?”

तुम्ही म्हणाल, ही काय भानगड? तर पल्स पोलिओवाल्या बायका तुमच्याही दारावर खडूनं काय लिहून गेल्या होत्या, ते आठवून बघा. घरातल्या सगळ्या लेकरांना डोस मिळाला, तर पी. एखादं लेकरू राहिलं किंवा दाराला कुलूप असलं, तर एक्स. म्हणजे पुन्हा यायचं. सिस्टरची सगळी नोकरी गावोगावच्या दारांवर ही दोन अक्षरं लिहिण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्या तीच अक्षरं पायवाटांना लावू लागल्या. वाट पुरती चालून झाली तर पी, टेकडी चढायची राहिली तर एक्स.

मी तहसीलमधला कारकून. माझं चालणं टेबलापासून चहाच्या टपरीपर्यंत. शुगर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि मी ते शेजारधर्म म्हणून सिस्टरच्या कानावर घातलं. तीच चूक झाली.

“रविवारी सातच्या गाडीला या, भाऊ. डेपोत. पायात चप्पल कशीबी असू द्या, पाय बराबर आणा.”

आमच्यात तिसरे होते हळदीचे एक अडते. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. शेठनी नांदेडहून डोंगर चढायचे महागडे बूट आणले होते आणि ते चावतात अशी तक्रार ते प्रत्येक फाट्यावर करायचे. सिस्टर मात्र रबरी चपलेवर पुढं. हिंगोलीच्या आसपास डोंगर आहेत, हे मला पन्नाशीत कळलं. एसटीनं फाट्यावर उतरायचं, पळसाच्या नाहीतर सागाच्या रानातून वाडीवस्तीवरून जायचं आणि दुसऱ्या फाट्यावर शेवटची गाडी धरायची. या सगळ्या वाटा सिस्टरना पाठ होत्या, कारण लसीचा डबा खांद्याला अडकवून त्या याच वाटांनी हिंडलेल्या.

तो निळा डबा अजूनही त्यांच्या खांद्याला असायचा. आता त्यात ताक आणि पेरू. पण हे लेकरांना काय माहीत? डबा घेऊन सिस्टर एसटीत चढल्या, की मागच्या सीटवरून एक तरी भोकाड ऐकू यायचंच. मग सिस्टर झाकण उघडून पेरू दाखवायच्या. “हे बघ, सुई न्हाई गं माय!” तरी पोरगं आईच्या पदरातून तोंड बाहेर काढायचं नाही. शेठ म्हणायचे, “सिस्टर, एवढा दरारा तर आमच्या मार्केटात कुणाचा न्हाई.”

चालताना त्या मजेत असायच्या, पण चार वाजले की घड्याळ बघून आमच्या मागं लागायच्या. “उचला पाय! गाडी कुणाच्या बापाची वाट बघत न्हाई.” गाडी चुकायच्या धास्तीनं आम्ही दर वेळी अर्धा तास आधीच फाट्यावर येऊन बसायचो.

एकच फाटा असा होता, जिथं आम्ही कधी उतरलो नाही. औंढ्याकडच्या रस्त्यावरचा. तो आला, की सिस्टर दुसऱ्या बाजूच्या खिडकीबाहेर बघायच्या. एकदा शेठनी विचारलंच, “हितं काहून उतरत न्हाई आपण? डोंगर तर झकास दिसून राहिला.”

सिस्टर म्हणाल्या, “एक घर राहिलंय माझं तिथं.”

त्या रविवारी त्यांनी सगळं सांगितलं. बरीच वर्षं झाली. पोलिओचाच दिवस होता. डोंगरापलीकडच्या वस्तीवर शेवटच्या दाराला कुलूप होतं. वर्षभराच्या पोरीला घेऊन आईबाप रानात गेलेले. इकडं सिस्टरचा मुलगा घरी तापानं फणफणलेला आणि शेवटची गाडी निघायला आलेली. एक्स लिहिला, तर त्याच संध्याकाळी पुन्हा फेरी मारावी लागली असती; सकाळी यायचंच आहे, असं म्हणून त्यांनी एक्सच्या जागी पी लिहिला आणि गाडीसाठी पळत सुटल्या. सकाळी आल्या, तोवर ते घर ऊसतोडीला निघून गेलं होतं. पुढं सिस्टरची बदली झाली. दारावर पी, म्हणून दुसरं कुणी फिरकलं नसणार.

“सगळ्या नोकरीत तेवढा एक पी खोटा लिवला मी, भाऊ. त्या पोरीचे पाय...”

हसतखेळत हिंडणारी ही बाई इतकी वर्षं हे ओझं डब्याबरोबर वागवत होती, याचं फार वाईट वाटलं. शेवटी शेठच म्हणाले, “जाऊन बघू की. एक्स कशाला ठेवायचा?” सिस्टर तयार झाल्या नाहीत. पण पुढं गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली. नंतर पुण्याला मुलाकडेच राहायचं ठरलं. ऑपरेशनच्या आदल्या रविवारी गाडीत त्यांनी आपण होऊन त्या फाट्याची तीन तिकिटं मागितली.

वाट चांगली होती. पळस फुलला होता. पण सिस्टर बसत, उठत, गुडघा दाबत चालल्या आणि त्या दिवशी शेठसुद्धा बुटांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. वस्तीवर पोचायलाच दुपार कलली. शेवटच्या घरासमोर हळद शिजत होती आणि एक बाई जाळ सारत होती.

सिस्टरनी नमस्कार केला. मग एकदम विचारलं, “तुमची पोरगी... ऊसतोडीला गेले तवा वर्षाची होती ती... कशी हाय?”

“कोण, सुमी?” बाईनं डोंगराकडं हात केला. “ते काय, येऊन राहिली.”

उतारावरून एक पोरगी पळत येत होती. पोलीस भरतीची तयारी करत होती म्हणे; रोज फाट्यापर्यंत जाऊन यायची. दगड चुकवत, बांधावरून उडी मारत ती सरळ अंगणात आली. सिस्टर तिच्या तोंडाकडं नाही, पायांकडं बघत होत्या. मग त्या मटकन खाली बसल्या आणि रडता रडता हसायला लागल्या.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मायलेकींना खरं काय ते सांगितलं. आई म्हणाली, “अहो नर्सबाई, तिला तर पाजलं की! आमी निघालो तवा स्टँडावर तुमच्यासारखीच एक बाई गाडीत चढली. दोन थेंब पाजले, करंगळीला शाई लावली. सुमीनं तिच्या साडीवर सू केली, म्हणून ध्यानात हाय.”

तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून हॉर्न ऐकू आला. शेवटची गाडी! मी ताडकन उठलो.

“बसा हो, भाऊ,” सिस्टर म्हणाल्या. “सुटू द्या गाडी.” आणि त्यांनी सावकाश खडू काढून दारावर पी लिहिला.

आम्ही हळदीच्या पोत्यांवर बसून टेम्पोनं हिंगोलीला आलो. तिघंही पिवळे. शेठची बायको म्हणाली, “ह्या वयात हळद कुठं लावून आलात?”

सिस्टर आता पुण्यात असतात. निळा डबा माझ्याकडं दिलाय. रविवारी तो घेऊन चढलो, की लेकरं आता माझ्याकडं बघून रडतात. खरं सांगतो, सिस्टरशिवाय चालताना करमत नाही. घाई करायला कुणी मागं लागत नाही.

परवा त्या वस्तीवर गेलो होतो. पाऊस होऊन गेला होता, तरी दारावरचा पी ठळक होता. सुमी गिरवत असते. पण शेजारी आणखी एक अक्षर होतं, एक्स.

“हे गं कशाचं?”

“नर्सबाईचं. त्यायचं जेवण राहिलंय आमच्याकडं,” सुमी म्हणाली. “त्या आल्या की पुसंन.”

वस्तीवर रेंज फक्त विहिरीपाशी येते. तिथं उभा राहून मी सिस्टरना फोन लावला आणि दारावर काय लिहिलंय ते सांगितलं.

सिस्टर म्हणाल्या, “भाऊ, डेपोत इचारून ठेवा बरं. त्या फाट्याला थांबणारी पहिली गाडी आता किती वाजता सुटते?”