शेंदूर लागलेला दगड

सकाळी प्रेसमध्ये आले, तर माझ्या दगडाला कोणीतरी शेंदूर फासला होता. मधोमध, पंजाएवढा. तेल ओघळून खालपर्यंत आलं होतं.

त्या दगडावर मी केशतेलाच्या लेबलचं चित्र काढलं होतं. लांब केसांची बाई; शेंदूर नेमका तिच्या डोक्यावर बसला होता. माझा बाप बैलगाड्या रंगवायचा, त्याच्याकडून हात आला. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती, पिंपरीकडे कारखाने नुकते येत होते. चिंचवडच्या या लिथो प्रेसने मला पंधरवडाभर शिकायला ठेवलं होतं. लेबल पास झालं तर नोकरी, नाहीतर परत चाकणला कांदे निवडायचे.

लिथो म्हणजे दगडावरची छपाई. तेलकट खडूने चित्र काढायचं, वरून गोंदाचं पाणी फिरवून दगड बंद करायचा, म्हणजे दुसरं तेल आत शिरत नाही. मग ओल्या दगडावर रूळ फिरवला की शाई तेलकट जागीच धरते. माझा गोंद फिरवायचा राहिला होता. शेंदराचं तेल दगडात मुरलं. आता तिथेही शाई धरणार.

दसऱ्याच्या सुट्टीआधी खंडेनवमीची पूजा झाली होती. मशीनमन पांडूने यंत्रांना हळदकुंकू वाहिलं. दगड दिसल्यावर त्याचा हात तेलशेंदराकडे गेला. पुनावळ्याचा माणूस, गावात दगड असाच पुजतात.

प्रेसचे शेठ म्हणाले, घासून काढा. पांडू आडवा आला.

“देव घासत्यात व्हय, शेठ?”

शेठ मग गोदामातले कोरे दगड बघून आले. पांडूने एकही सोडला नव्हता. तिकडे तेलकंपनीचे साहेब लेबल बघायला निघाले होते.

देवाला आंघोळ चालते का, मी पांडूला विचारलं. चालते म्हणाला. पाण्याने शेंदूर गेला, मुरलेलं तेल राहिलं. मी शाईचा रूळ उचलला तर हा पुन्हा आडवा. देवाला काळं फासायचं नाही म्हणे.

“विठोबा काय गोरा हाय का?” मी म्हटलं.

त्याने विचार केला. वहाणा काढल्या आणि स्वतःच प्रेस ओढला.

कागद उचलला. बाईचं तोंड गायब. डोक्यापासून पायापर्यंत काळा लोळ, नाकाचं टोक तेवढं बाहेर. शेठ स्टुलावर बसले.

साहेब आले. कागद उजेडात धरला.

“एवढे केस? तेलाने?”

“तेलानंच,” पांडू म्हणाला. ते खोटं नव्हतं.

साहेबांनी लेबल पास केलं. बाटल्यांवर ती बिनतोंडाची बाई कैक वर्षं खपली. मला नोकरी लागली. पुढे गोंद फिरवल्याशिवाय मी कधी जागची उठले नाही. बाकी देवाचं काही सांगता येत नाही.

पांडू गेला, शेठ गेले, तेलकंपनी बुडाली. मी आहे.