बाबांच्या कॅसेटमधल्या मोकळ्या जागा

कॅसेट फार तर एकदा वाजेल, असं दुरुस्तीवाल्याने बजावलं होतं. म्हणून त्या दुपारी पांढुर्ण्याच्या घरी मी टेपची वायर कॉम्प्युटरला जोडली, पंखा बंद केला आणि पाऊण तास फिरत्या चाकांकडे बघत जीव मुठीत धरून बसले. फीत शेवटी तुटलीच, पण बाबांचा आवाज संपल्यावर.

बाबा गुजरातेत धरणाच्या कामावर असतानाची ही कॅसेट. आईला वाचता येत नाही. पत्र शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यावं लागे, आणि नवऱ्याचं बोलणं मास्तरांच्या तोंडून ऐकायची तिला लाज वाटे. तेव्हा बाबांनी बोलणंच भरून रामाकोना गावच्या एका सोबत्याच्या हाती पाठवलं. आई दार लावून ऐकायची, आम्हाला अंगणात पिटाळायची. बाबा जाऊन आठ वर्षं झाली तरी दर रविवारी तिचं ऐकणं सुटलं नव्हतं. फीत अडकायला लागली तेव्हा कुठे तिने कॅसेट माझ्याकडे दिली.

मी पहिल्यांदाच ऐकत होते. बाबा एक वाक्य बोलत आणि गप्प बसत, कधी दहा सेकंद, कधी वीस. मुळात ते अबोल. म्हटलं, शब्द सापडत नसतील. मला रिकामं काही सहन होत नाही, शाळेत फळ्याचा कोपराही मोकळा सोडत नाही मी. एमपीथ्री करताना शांत जागा काढून टाकायची सोय दिसली, ती दाबली. पाऊण तासाचं वीस मिनिटांत बसलं. मूळ फाईल भली मोठी होती, ती पुसून टाकली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होत नवी फाईल सौंसरला आईच्या मोबाईलवर पाठवली.

तासाभरात तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"यात ते मले बोलूच नाही देऊन राहिले."

मला काही कळेना. मग तिने अडखळत सांगितलं की बाबा विचारून थांबायचे आणि ती उत्तर द्यायची. इतकी वर्षं. पुसलेली फाईल परत आणायच्या ऐकलेल्या सगळ्या युक्त्या केल्या, हाती काही लागलं नाही. कॅसेट उघडली तर फितीचा थर भुकटी होऊन बोटाला आला. नवरा चहा घेऊन आला, तर बिचाऱ्यावरच ओरडले.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन सौंसर गाठलं. आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती 'जाऊ दे' म्हणाली. मोबाईल तिने पालथा घालून ठेवला होता. मी म्हटलं, जागा पुन्हा घालता येतात, पण कुठली किती मोठी ते तुलाच ठाऊक. तू उत्तरं दे, मी वेळ मोजते. लेकीसमोर बोलायला ती तयार होईना. मी भिंतीकडे तोंड करून बसले तेव्हा कुठे झाली.

मी फाईल लावली, दर प्रश्नाला थांबवत. बाबांनी विचारलं, जेवली का? ती म्हणाली, जेवली, तुमी? मी सेकंद लिहिले. कापसाचं झालं, गाईचं झालं. पोरगी शाळेत जाते का, असं बाबांनी विचारलं. आई म्हणाली, "शिकवून राहिली आता. पोरंही मोठे झाले तिचे." माझ्या हातातला पेन थांबला. तिची उत्तरं दर रविवारी पुढे सरकत आली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मग बाबांचा आवाज आला, "तुले एकटीवर सारं टाकून आलो. राग तं नाही ना आला?"

आई गप्प. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. मला राहवेना. भिंतीकडेच बघत विचारलं, इथे किती ठेवू?

"त्यायनं इथं थोडीशीच सोडली होती. माह्यं कधी पुरं नाही झालं," आई म्हणाली. "तू मोठी ठेव."

मी घड्याळ चालूच ठेवलं, आणि ती बोलायला लागली.